नवीन शॉकअप टाकताना जुनाच डस्ट बूट परत बसवला तर चालतो का?

प्रश्न असा आहे की गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलायला काढलेत, नवीन जोडी हातात आहे, पण खोक्यात डस्ट बूट आलेले नाहीत. जुने बूट वरवर बघितले तर फाटलेले दिसत नाहीत, मेकॅनिक म्हणतोय पुसून तेच टाकतो काही होत नाही. मग तेच टाकावेत का नवीन आणावेत, आणि त्या घड्याघड्यांच्या रबरी नळीचं नेमकं काम तरी काय?

माझं उत्तर सरळ आहे, नवीन आणा. आणि नुसता बूट नको, त्याच्या आतला बंप स्टॉप, म्हणजे धक्का झेलणारा फोमचा ठोकळा, तो पण नवीन घ्या. त्यासाठी काम एक दोन दिवस पुढे गेलं तरी जाऊ द्या. मी बरीच वर्षं सस्पेंशनचंच काम करतोय, आणि नवीन टाकलेला शॉकअप लवकर गळायला लागला म्हणून गाडी परत येते तेव्हा मी शॉकअपला दोष द्यायच्या आधी बूट वर सरकवून रॉड बघतो, कारण बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

आता काम काय ते सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकीचं सगळं आपोआप लक्षात येतं. शॉकअपच्या नळकांड्यातून जी चकचकीत दांडी वर खाली होते तो पिस्टन रॉड. पुढच्या स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या जोडणीत, तो साधारण 20 ते 22 मिलिमीटर जाड असतो, मागच्या सुट्या शॉकअपमध्ये त्याहून बारीक. त्याच्यावर कडक क्रोमचा थर असतो, आणि तो दिसायला भक्कम वाटला तरी जाडी मोजायची झाली तर मायक्रॉनमध्ये मोजावी लागते, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. हा थर आरशासारखा गुळगुळीत घासलेला असतो कारण नळकांड्याच्या तोंडाशी रबराचं सील असतं आणि त्या सीलच्या पातळ ओठातून हा रॉड सतत ये-जा करतो. आतलं ऑइल आणि दाबाखालचा नायट्रोजन आत ठेवायचं काम त्या एवढ्याशा ओठाचं. खराब रस्त्यावर चाक सेकंदाला 10 ते 15 वेळा थरथरतं, म्हणजे ताशी 40 च्या वेगाने एक किलोमीटर जायला जी 90 सेकंदं लागतात तेवढ्यात तो रॉड हजारभर वेळा सीलमधून जाऊन येतो. एका किलोमीटरला हजार. आता त्या रॉडवर बारीक वाळूचा एक कण चिकटलाय असं धरा आणि तुम्हीच हिशोब करा.

सीलला बाहेरच्या बाजूने धूळ खरवडणारा एक छोटा ओठ असतो हे खरंय, पण तो शेवटचा पहारेकरी आहे, एकट्याने सगळा चिखल अडवावा म्हणून तो बनवलेलाच नाही. खरा अडथळा म्हणजे डस्ट बूट. पुढच्या चाकाने उडवलेली खडी, वाळू, चिखलपाणी, खारट पाणी हे सगळं आधी बुटावर आदळायला पाहिजे. खडी थेट रॉडला लागली की क्रोमला सुईच्या टोकाएवढा टवका जातो, त्यातून पाणी खालच्या लोखंडापर्यंत पोचतं, गंज धरतो, आणि गंज फुगतो म्हणून त्या टवक्याची कड वर उचलली जाते. मग ती कड दर फेरीला सीलच्या ओठावरून ब्लेडसारखी फिरते.

एक गाडी मला अजून आठवते. पुढचे शॉकअप आमच्याकडेच बदलले होते, त्या वेळी बूट मिळाले नाहीत म्हणून जुनेच चढवून दिले होते. वर्ष व्हायच्या आत डावा शॉकअप गळून ओला. स्प्रिंग दाबून उघडलं तर बूट खालच्या टोकापासून तुटून वर गोळा झालेला, रॉडभोवती ढिल्या बांगडीसारखा लोंबत होता आणि रॉड उघडा. स्वच्छ फडक्याने रॉड पुसला, दिसायला चकचकीतच होता, पण अंगठ्याचं नख वरून खाली हळू ओढलं तर एका जागी टक् करून अडकलं. भिंग लावून बघितलं तर तिथे मोहरीच्या दाण्याहूनही लहान काळा ठिपका. एवढ्याशा ठिपक्याने नवा कोरा शॉकअप घालवला, आणि परत जोडीने बदलावे लागले कारण एका अ‍ॅक्सलवर एक नवा एक जुना असं मी ठेवत नाही. ते मला फार लागलं, कारण गाडीवाल्याने विश्वासाने काम दिलं होतं. त्या दिवसापासून बूट हातात आल्याशिवाय मी पुढचा स्ट्रट उघडत नाही.

आता तुमचे जुने बूट फाटलेले दिसत नाहीत हा मुद्दा. ते गाडीवर असताना किंवा काढून टेबलावर ठेवल्यावर घड्या मिटलेल्या असतात, आणि चिरा असतात घडीच्या खोबणीत. दोन्ही टोकं धरून बूट पूर्ण ताणा, उजेडाकडे धरा, आणि प्रत्येक घडीचा तळ बोटाने उघडून बघा. केसासारख्या आडव्या रेषा दिसतील, कधी कधी आरपार उजेड पण दिसतो. याचं कारण हवेतला ओझोन. रबर जिथे ताणलेलं राहतं तिथेच ओझोन त्याला खातो आणि ताणाच्या आडवी चीर पाडतो, आणि बुटाच्या घड्या आयुष्यभर ताणलेल्या-मिटलेल्या असतात त्यामुळे चिरा बरोबर तिथेच पडतात. काही बूट रबराचे नसून लवचिक प्लास्टिकचे असतात, ते ओझोनने असे चिरत नाहीत पण जुने झाले की कडक होतात आणि थंडीत दाबले की पापडासारखे मोडतात. जुना बूट दाबून सोडल्यावर पटकन मूळ आकारात येत नसेल, हाताला चिकट लागत असेल, किंवा खालच्या तोंडाची कड ढिली पडली असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका. (रबरावर पांढुरकी किंवा तपकिरी भुकटी आलेली असते ती मात्र बहुतेक वेळा रबरातलंच मेण किंवा ओझोनपासून वाचवणारं रसायन बाहेर आलेलं असतं, नुसत्या तेवढ्यावरून बूट वाईट ठरवू नका.)

आणि समजा एकही चीर नाही सापडली, तरी साधा विचार करा. जुने शॉकअप जेवढे चालले तेवढाच तो बूट पण चाललाय. नवा शॉकअप आता तेवढाच चालावा अशी तुमची अपेक्षा आहे, मग त्या बुटाने दोन जन्म काढावेत ही अपेक्षा कशाच्या जोरावर? पुढच्या स्ट्रटमध्ये तर बूट स्प्रिंगच्या आत असतो, नंतर फाटला तर तो बदलायला पुन्हा चाक काढा, स्ट्रट उतरवा, स्प्रिंग दाबा, वरचा नट खोला, सगळं अथपासून. आत्ता सगळं उघडं आहे तर बूट टाकायला जादा मेहनत शून्य. केवायबी, मॉन्रो, सॅक्स अशा शॉकअपवाल्या कंपन्या बूट आणि बंप स्टॉपचा वेगळा संच विकतात तो याच कारणाने, आणि जुना खराब बूट परत टाकल्यामुळे रॉड खरचटला तर वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे शॉकअपसोबतचा कागद वाचून ठेवा.

बंप स्टॉपबद्दल लोक विचारतच नाहीत म्हणून थोडं सविस्तर. रॉडवर वरच्या बाजूला जो पिवळसर किंवा पांढरट फोमचा ठोकळा असतो तो बंप स्टॉप. गाडी मोठ्या खड्ड्यात बसली की शॉकअपचा प्रवास संपायच्या आधी हा दाबला जातो आणि शेवटचा धक्का मऊ करतो, हळूहळू कडक होत जाणारी ती एक छोटी स्प्रिंगच आहे. तो नसेल तर लोखंडावर लोखंड आदळतं, आणि शॉकअपच्या आतला पिस्टन आणि तळाचा व्हॉल्व्ह मार खातात. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो, ओल आणि उष्णतेने तो आतून कुजतो. बघायला ठीक दिसतो पण मुठीत दाबला की भुगा होतो, हातात ओल्या बिस्किटासारखा चुरा येतो. आणि तो चुरा जातो कुठे? सरळ खाली, रॉडवरून सीलच्या तोंडाशी. म्हणजे नवा बूट टाकला आणि आत जुना कुजका बंप स्टॉप ठेवला तर धूळ बाहेरून यायची गरजच नाही, घाण आपणच आत कोंडली. बऱ्याच गाड्यांत बूट बंप स्टॉपच्याच खाचेत अडकतो, म्हणजे फोम गेला की बूट पण सुटून खाली घसरतो. म्हणून हे दोन्ही मी एकच पार्ट समजतो.

सगळ्याच शॉकअपला बूट लागतो असं नाही हे पण सांगायला हवं. काही शॉकअपला, मुख्यतः मागच्या सुट्या शॉकअपला, रॉडवर लोखंडी किंवा कडक प्लास्टिकचं नळीसारखं झाकण आधीच जोडलेलं असतं, ते बाहेरून नळकांड्यावर सरकतं. त्याच्यावर वेगळा रबरी बूट टाकायची गरज नसते आणि बळजबरीने टाकूही नका. तुमच्या गाडीत मुळात काय होतं ते बघा आणि नव्या शॉकअपला काय आहे ते बघा, जुन्याला झाकण होतं आणि नवा उघड्या रॉडचा आलाय तर बूट हवाच.

बूट निवडताना शक्यतो त्याच गाडीचा, त्याच मॉडेलचा घ्या. सगळ्यांना बसणारा म्हणून मिळतो तो घ्यायची वेळ आली तर तीन मापं घ्या. वरच्या टोकाला बूट ज्याच्यावर बसणार त्याचा व्यास, खालच्या टोकाला नळकांड्याचा किंवा त्यावरच्या टोपीचा व्यास, आणि चाक पूर्ण लोंबकळत असताना रॉड किती बाहेर येतो ती लांबी. लांबी सगळ्यात महत्त्वाची. बूट आखूड असला तर गाडी जॅकवर उचलल्या उचलल्या खालची कड टोपीतून सुटते आणि परत कधीच बसत नाही, फाजील लांब असला तर गाडी दबली की घड्या बंप स्टॉप आणि टोपीच्या मधे सापडून चिरडतात. गाडी खाली बसवलेली असेल, म्हणजे आखूड स्प्रिंगा टाकल्या असतील, तर बंप स्टॉप कापायचा का आणि किती हे स्प्रिंगवाल्या कंपनीच्या सूचनेप्रमाणेच, अंदाजाने कटर चालवू नका. आणि माझं मत विचाराल तर चुकीच्या मापाच्या नव्या बुटापेक्षा तपासून घेतलेला त्याच गाडीचा जुना बूट काही दिवस बरा, पण काही दिवसच, योग्य बूट मिळेपर्यंत.

बसवताना पहिली गोष्ट स्प्रिंगची, कारण इथे हात-तोंड फुटू शकतं. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावा, दोन्हीकडे थोडं थोडं आळीपाळीने आवळा, आणि स्प्रिंग ज्यात बसते त्या वाटीतून ती हाताने हलायला लागल्याशिवाय वरच्या मधल्या नटाला हातही लावू नका. तोंड स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांनी हा भाग अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावा, यात मी कधी सूट देत नाही.

नवा शॉकअप दोन नळ्यांचा असेल तर तो उभा धरून, रॉड वर, चार पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण ओढा, म्हणजे आडवा पडून आत मिसळलेली हवा वर निघून जाते. मग बूट. आधी बंप स्टॉप रॉडवर, त्याच्यावर बूट, किंवा दोन्ही जोडलेले असतील तर एकत्र, मग वरची वाटी, बेअरिंग, माउंट, वायसर, नट. जुनं उघडताना मोबाइलने एक फोटो काढून ठेवा, वायसरची बशी कोणत्या तोंडाने होती हे नंतर हमखास विसरतं. बंप स्टॉपचं निमुळतं तोंड सहसा खाली असतं पण फोटोवरूनच खात्री करा. बुटाची खालची कड टोपीच्या खाचेत बोटाने सगळीकडून फिरवून बसवा, बसल्यावर थोडं ओढून बघा.

रॉडला पक्कड लावू नका. ही चूक मी इतक्यांदा बघितलीय की वेगळ्या ओळीत लिहावीशी वाटते. वरचा नट आवळताना रॉड फिरतो, मग कोणीतरी बूट वर सरकवून रॉडला पक्कड किंवा पाइप पाना लावून धरतो, फार तर मधे फडकं गुंडाळतो, आणि क्रोमवर दातांचे ठसे उमटतात. शॉकअप गाडीखाली जायच्या आधीच संपला. रॉडच्या वरच्या टोकाला अ‍ॅलन कीसाठी षटकोनी भोक किंवा दोन सपाट बाजू दिलेल्या असतात, त्यात धरायचं आणि नट रिंग पान्याने किंवा मधून आरपार भोक असलेल्या गोटीने (सॉकेटने) आवळायचा. इम्पॅक्ट गन मी या नटाला लावत नाही, रॉड गरगर फिरतो आणि आत पिस्टनचा नट ढिला व्हायची भीती असते. शेवटचा टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते माप, गाडीच्या मॅन्युअलमधला.

रॉडवर नवीन असताना ऑइलचा हलका थर असतो तो तसाच ठेवा. पेट्रोलने धुऊ नका, पॉलिश पेपर तर अजिबात नको, आणि बूट सहज सरकावा म्हणून ग्रीस पण फासू नका. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि रॉडवर राहिलेलं ग्रीस धुळीला चिकटून घासायची पेस्ट बनते. बूट चढत नसेल तर कडेला अगदी थोडं सिलिकॉन ग्रीस किंवा साबणाचं पाणी, रॉडला न लावता.

आणखी एक, बुटाची दोन्ही टोकं प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधायची हौस काहींना असते. भावना चांगली आहे, धूळ जाऊ नये, पण शॉकअप दाबला की बुटाच्या आतल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. बुटाला बारीक भोकं असतात किंवा खालच्या टोपीला खाचा असतात त्या यासाठीच, आणि आत गेलेलं पाणी निचरून जायला पण. ती वाट बंद केली तर बूट फुग्यासारखा फुगतो, कड सुटते किंवा घडी फाटते, आणि आत साचलेल्या पाण्यात रॉड गंजत बसतो. त्या खाचा चिखलाने बुजल्या असतील तर काडीने मोकळ्या करा.

मागच्या शॉकअपला स्प्रिंग वेगळी असेल तर काम सोपं, फक्त खालचा बोल्ट काढायच्या आधी अ‍ॅक्सलखाली जॅक लावा, नाहीतर अ‍ॅक्सल खाली पडून ब्रेकचा होज ताणला जातो. खालच्या रबरी बुशचा बोल्ट शेवटी गाडी चाकांवर उभी करूनच आवळा, हवेत आवळला तर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

बसवून झालं की गाडी उभी करून कोपरा दोन चार वेळा दाबा, पुढचं असेल तर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा, आणि टॉर्च लावून बघा की बूट पिळला जात नाही, स्प्रिंगला घासत नाही. पुढचे स्ट्रट उतरवले की चाकांचं अलाइनमेंट करायचंच. साधारण आठवडाभर चालवल्यावर परत एकदा टॉर्च मारा, खालची कड सुटायची असेल तर ती पहिल्या काही दिवसांतच सुटते. नळकांड्याच्या वरच्या टोकाला किंचित तेलकट ओल दिसली तर घाबरू नका, रॉड ऑइलचा पातळ थर घेऊन बाहेर येतोच, पण ओघळ खालपर्यंत आला असेल तर ती गळती.

चिखलात, पाण्यात जाणारे काही लोक म्हणतात बूट नकोच, आत चिखल अडकून तोच रॉड खातो. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते लोक प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली झोपून रॉड धुतात. रोजच्या गाडीचा मालक ते करणार नाही, त्याला बूट हवाच. तुमची गाडी खोल पाण्यातून गेली तर खालची कड उचलून साध्या नळाच्या पाण्याने आतलं धुऊन परत बसवा. प्रेशर वॉशरचा फवारा मात्र बुटाच्या कडेवर जवळून मारू नका, पाणी आणि वाळू दाबाने आत जाते. आणि खालून गंजरोधक कोटिंग मारून घेणार असाल तर शॉकअप आणि बूट पिशवीने झाकायला सांगा, ते रॉडवर वाळलं तर सीलला खरवडतं आणि त्यातलं सॉल्व्हंट रबर खराब करतं.

तुमचे नवे शॉकअप बूट येईपर्यंत खोक्यातच ठेवा, शक्यतो उभे, रॉड वरच्या बाजूला. रॉड दाबून बांधलेली पट्टी आत्ता कापू नका, नाहीतर गॅसच्या दाबाने रॉड पूर्ण बाहेर येईल आणि वर्कशॉपच्या धुळीत उघडा पडून राहील. बूट हातात आले, मापं जुळली, मगच नवे शॉकअप बसवायला सांगा.